गाडीचा काटा थंड का दाखवतो?

"मामा, आमची गाडी आता कधी गरमच होत नाही. काटा बघा, एकदम खाली!"

भाचीने हे सांगितले तेव्हा तिच्या बोलण्यात कौतुक होते. दाजींनाही त्याचा अभिमान वाटत होता. माझ्या थोरल्या बहिणीचा नाशिकरोडला जेवणाच्या डब्यांचा छोटा धंदा आहे. पहाटे पाचला घरात गॅस पेटतो, साडेअकरापर्यंत चाळीस डबे भरून होतात आणि कारखान्यातून निवृत्त झालेले दाजी ते आपल्या १९९८ च्या मारुती ८०० मधून पोहोचवतात. गाडी तिसऱ्या हाताची. दोन वर्षांपूर्वी घेतली. गेल्या मे महिन्यात ती वाटेत तापली, बॉनेटमधून वाफ निघाली, चाळीस घरची माणसे उपाशी राहण्याची वेळ आली. एका गॅरेजवाल्याने तासाभरात ती "ठीक" करून दिली. तेव्हापासून काटा ‘सी’ सोडून वर येत नव्हता. उन्हाळ्यात तोंड पोळलेल्या घराला यापेक्षा सुखाची गोष्ट कोणती?

मी एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे पाना चालवला आहे. मला मात्र त्या खाली पडलेल्या काट्याचे कौतुक वाटले नाही. मी ताईला एवढेच विचारले, "पेट्रोल किती जाते?"

ताई शाळेत सातवीपर्यंतच गेली, पण तिचा हिशेब पक्का. तिने फडताळातून वही काढली. उन्हाळ्याआधी लिटरला पंधरा किलोमीटर. पावसाळ्यानंतर बारा. "पेट्रोल महागलं म्हणून पैसे पुरत नाहीत असं वाटत होतं," ती म्हणाली, "पण किलोमीटरच कमी होतायत. हे असंच चाललं तर गाडी विकून टाकावी लागेल. डब्यामागं सुटतं ते सगळं टाकीत जातंय."

वाचकहो, काटा वर गेला की आपण सारे घाबरतो आणि गाडी बाजूला घेतो. काटा खाली राहिला तर कोणी बघतही नाही. पण खाली राहिलेला काटा हीसुद्धा तक्रारच आहे. ती दोन प्रकारची असू शकते. एक तर इंजिन खरोखरच थंड चालते आहे आणि पेट्रोल खाते आहे. किंवा काटा खोटे बोलतो आहे, आणि इंजिन आतून कितीही तापले तरी तो तुम्हाला सांगणार नाही. पहिल्यात दररोज थोडे थोडे नुकसान होते. दुसऱ्यात एका दिवसात सगळे. म्हणून यातले आपल्या गाडीचे दुखणे कोणते, हे ओळखता आले पाहिजे. त्यासाठी फार हत्यारे लागत नाहीत. आम्ही त्या रविवारी अंगणात काय काय केले, तेच क्रमाने सांगतो.

थंड इंजिन म्हणजे चांगले इंजिन नव्हे

इंजिनाला गरमी नको असते, असा आपला समज आहे. खरे म्हणजे त्याला ठरावीक गरमी हवी असते. बहुतेक पेट्रोल गाड्यांचे इंजिन आतले पाणी ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना सर्वांत चांगले चालते. त्याच गरमीला धरून पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट ठेवलेली असते.

पेट्रोल जळते ते वाफेच्या रूपात. इंजिन थंड असेल तर पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ते थेंबाथेंबाने सिलिंडरच्या भिंतीवर बसते, तिथला ऑइलचा पातळ थर धुऊन काढते आणि काही भाग खाली ऑइलमध्येच उतरतो. न जळलेल्या पेट्रोलची भरपाई म्हणून जास्त पेट्रोल द्यावे लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत चालवणारा चोक ओढून ठेवतो. दाजीही ठेवत होते, कारण चोक बंद केला की गाडी गचके देई. एमपीएफआय गाडीत हेच काम आतला संगणक करतो. सेन्सरने "इंजिन थंड आहे" असे कळवले की तो पेट्रोल वाढवतो. चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरे नुकसान ऑइलचे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडी पिस्टनच्या कडेने खाली झिरपते. गरम इंजिनात ती उडून जाते. थंड इंजिनात तिचे पाणी होते आणि ऑइलमध्ये मिसळते. ऑइल भरायचे झाकण उघडून पाहा. आत ताकाच्या फेसासारखा पिवळट-पांढरा चिकटा दिसला, तर इंजिन पुरते तापत नाही याची ती खूण असू शकते. हेड गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये गेले तरीही असा चिकटा येतो. फरक असा की गॅस्केट गेले असेल तर रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होते आणि ऑइलची पट्टी काढली तर तिच्यावरचे ऑइलही दुधाळ दिसते. ताईच्या गाडीत चिकटा फक्त झाकणालाच होता. पट्टीवरचे ऑइल काळे होते. जीव भांड्यात पडला.

शिवाय अर्धवट जळालेल्या पेट्रोलमुळे प्लगवर काजळी धरते, धूर वाढतो आणि पीयूसीच्या तपासणीत गाडी अडकते.

यात डब्यांच्या गाडीची आणखी एक अडचण. तीन-चार किलोमीटर गेले, गाडी थांबली, पुन्हा तीन किलोमीटर. अशा छोट्या फेऱ्यांत इंजिनाला तापायला आधीच वेळ कमी मिळतो. त्यात नाशिकची थंडी. अशा गाडीला लवकर तापण्याची सोय शाबूत असणे फार गरजेचे.

पाण्याच्या वाटेवरचा दरवान

ही सोय म्हणजे थर्मोस्टॅट. गॅरेजमध्ये त्याला नुसते "वॉल्व्ह" म्हणतात. मुठीत मावेल एवढी ही पितळ-पोलादाची वस्तू इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या वाटेवर बसवलेली असते.

इंजिनाभोवती पाणी खेळते. पंप ते फिरवतो. इंजिन थंड असते तेव्हा थर्मोस्टॅट बंद असतो. पाणी रेडिएटरकडे जाऊ शकत नाही, ते इंजिनातल्या इंजिनात फिरते आणि लवकर तापते. थर्मोस्टॅटच्या पोटात खास प्रकारचे मेण भरलेले असते. पाणी ठरलेल्या अंशावर पोचले की मेण वितळून फुगते, आतली दांडी ढकलते आणि झडप उघडते. मग तापलेले पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होऊन परत येते. पाणी फार थंड झाले की मेण आक्रसते, स्प्रिंग झडप मिटवते. दिवसभर ही दारे उघडण्या-मिटण्याची चाकरी त्याच्याकडे असते. ना वायर, ना बॅटरी.

हा थर्मोस्टॅट दोन तऱ्हेने बिघडतो. बंद राहून अडकला तर गाडी तापते. उघडा राहून अडकला, म्हणजे स्प्रिंग ढिली पडली किंवा झडपेत क्षार आणि गंज अडकला, तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाते आणि गाडी तापतच नाही. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर यांसारख्या जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर चालतो, तो इंजिनाबरोबर सतत फिरतो. तिथे उघडा थर्मोस्टॅट आणखी महागात पडतो. मारुती ८०० मध्ये पंखा विजेवर आहे, पाणी पुरेसे तापल्यावरच तो सुरू व्हायला हवा.

काट्यापर्यंत खबर पोचते कशी

आता काट्याकडे वळू. इंजिनात पाण्याच्या वाटेवर एक छोटा सेन्सर पेचाने बसवलेला असतो. त्याचे टोक पाण्यात बुडालेले असते. पाणी थंड असताना तो विजेला जास्त अडवतो, पाणी तापत जाईल तसे कमी अडवतो. सेन्सरपासून एक वायर डॅशबोर्डवरच्या मीटरकडे जाते. जास्त वीज वाहिली की काटा ‘एच’कडे चढतो, कमी वाहिली की ‘सी’कडे राहतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. वायर तुटली, निसटली किंवा टोकाला गंज चढला, तर वीज वाहणारच नाही आणि काटा ‘सी’वर पडून राहील. म्हणजे तुटलेली वायर आणि थंड इंजिन, दोन्ही काट्यावर सारखीच दिसतात. सेन्सरची अर्थिंग त्याच्या पेचातूनच इंजिनाला मिळते. गळती थांबवायला कोणी त्या पेचावर भरपूर टेप गुंडाळली, तर अर्थिंग कच्ची होते आणि काटा खरे असेल त्यापेक्षा कमी दाखवतो.

म्हणून काटा बघून निकाल देऊ नये. कोणी सांगितले म्हणूनही मानू नये. स्वतः हात लावून, तपासून, मग काय ते ठरवावे.

आधी पाणी, मग बाकीचे

पहिली तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर करावी. रेडिएटरचे झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे का पाहावे. गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नये. ते झाकण कुकरच्या झाकणासारखे आहे. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर उडते. याने तोंडे आणि हात भाजलेली माणसे मी पाहिली आहेत.

पाणी आधी का पाहायचे? कारण पाणी कमी झाले असेल तर सेन्सरचे टोक कोरडे पडते. ते हवेत लोंबते. पाणी नाही म्हणून इंजिन आतून भाजत असते, आणि सेन्सरला पाण्याची गरमी लागत नाही म्हणून काटा खाली असतो. हा सगळ्यांत धोक्याचा प्रकार. रस्त्यात वर चढलेला काटा अचानक धपकन खाली आला, तर "झाली थंड" म्हणून आनंद मानू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा आणि पूर्ण थंड झाल्यावरच पाणी पाहा. या एका चुकीने हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि गाडीच्या किमतीत काम निघते.

ताईच्या गाडीत पाणी काठोकाठ होते. रंग मात्र तांबूस, गढूळ. हे मी मनात ठेवले.

होज पाइपला हात लावा

दुसरी तपासणी हाताची. इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या बाजूला जो जाड रबरी होज पाइप जातो, तो आपला साक्षीदार. थंड गाडी सुरू करून दर दीड-दोन मिनिटांनी इंजिन बंद करावे आणि होजला हात लावावा. पंखा आणि पट्टा यांपासून हात, ओढणी, पदर दूर ठेवावा. विजेवरचा पंखा केव्हाही सुरू होऊ शकतो.

थर्मोस्टॅट चांगला असेल तर पहिली काही मिनिटे इंजिन तापत जाईल, पण होज गारच राहील. मग एकदम, अर्ध्या-एक मिनिटात, होज कढत होईल. म्हणजे दार उघडले. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर असा ठळक क्षण येतच नाही. होज सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जातो आणि कोमटच राहतो. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतो, तिथे खालचा होज तपासावा.

भाचीच्या हातात घड्याळ दिले. दीड मिनिटाला होज गार नव्हता. तीन मिनिटांना कोमट. दहा मिनिटांनीही कोमटच. पंखा एकदाही फिरला नाही. पंखा आधीपासून फिरत असता तर वेगळा संशय घ्यावा लागला असता. गाडी तापते म्हणून पंखा थेट चावीवर जोडून देण्याची खोड पुष्कळ ठिकाणी आहे. अशा गाडीचा पंखा सकाळच्या थंडीतही फिरतो आणि इंजिनाला तापू देत नाही.

गाडीला हिटर असेल तर तोही साक्ष देतो. पंधरा मिनिटे गाडी चालवल्यावर हिटरची हवा कोमटच असेल आणि पाणी पुरेसे असेल, तर इंजिन खरोखर थंड आहे. हवा कढत असेल आणि काटा ‘सी’वर, तर काटा खोटा. आता लांबून तापमान मोजणारी पिस्तुलासारखी यंत्रेही गॅरेजमध्ये मिळतात. ती चकचकीत धातूवर रोखली तर चुकीचा, कमी आकडा दाखवतात. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखावे.

काट्याची परीक्षा

इंजिन थंड चालते हे कळले. पण काटाही तपासून घ्यावा, कारण दोन दुखणी एकत्र असू शकतात. ही परीक्षा सेन्सरला एकच वायर असलेल्या जुन्या गाडीसाठी आहे. जिथे मीटर संगणकावरून चालते तिथे ती करू नये.

चावी चालू, इंजिन बंद. मीटरच्या सेन्सरवरची वायर काढायची आणि तिचे टोक इंजिनाच्या स्वच्छ, उघड्या धातूला टेकवायचे. एक माणूस आत बसून काटा पाहील. काटा ‘एच’कडे चढू लागला की लगेच वायर काढायची, टेकवून ठेवायची नाही. काही मीटरांचे काटे सावकाश चढतात, तेवढा धीर धरावा.

काटा चढला, तर मीटर, फ्यूज आणि वायर ठीक आहेत. दोष सेन्सरमध्ये आहे किंवा इंजिन खरेच थंड आहे. काटा हललाच नाही, तर मीटर, फ्यूज किंवा वायर यांत दोष आहे, तो वायरमनचा प्रांत. पेट्रोलचा काटाही टाकी भरलेली असताना कमी दाखवत असेल, तर दोन्ही काट्यांना मिळणारा वीजपुरवठा किंवा अर्थिंग तपासायला सांगावे. सेन्सर नीट ओळखून घ्यावा. पंख्याचा स्विच वेगळा, मीटरचा सेन्सर वेगळा, आणि एमपीएफआय गाडीत संगणकाचा आणखी वेगळा. चुकीची वायर काढून "काटा बिघडला" असे ठरवणारे कमी नाहीत.

भाचीने वायर टेकवली. दाजी आतून ओरडले, "चढला, चढला!" म्हणजे काटा सहा महिने खरेच सांगत होता. आम्हीच त्याचा अर्थ उलटा लावला होता.

झाकण उघडले तेव्हा

आता उरला थर्मोस्टॅट. गाडी थंड असताना थोडे पाणी काढून घेतले, दोन बोल्ट सोडवले आणि थर्मोस्टॅटच्या घराचे झाकण उचलले. दाजी वाकून पाहू लागले. "कुठाय तो?"

तो नव्हताच. जागा रिकामी होती.

मे महिन्यात गाडी "ठीक" केली म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकला होता. बिलावर नुसते "रिपेअरिंग" लिहिलेले. दाजींचा संताप झाला. पण ही एका गॅरेजची गोष्ट नाही. आपल्याकडे हवा उष्ण, गाड्या जुन्या, गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा आणि घाईही असते. थर्मोस्टॅट काढला की पाणी मोकळे फिरते, काटा उतरतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. अनेक मिस्त्री तर "आपल्या हवेत वॉल्व्ह लागतच नाही" असे मनापासून मानतात. ते खरे नाही. उष्ण हवेतसुद्धा इंजिनाला लागणारी गरमी ८०-९० अंशांची असते. ४० अंशांचे ऊनही त्यापुढे गारच.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. थर्मोस्टॅट नाही असे कळले की नवा आणून बसवावा, एवढ्यावर पुष्कळ लोक थांबतात. थांबू नका. तो का काढला होता, हे विचारा. गाडी तापत होती म्हणून काढला. मग ती का तापत होती? मूळ कारण शोधले नाही तर नवा थर्मोस्टॅट बसवताच उन्हाळ्यात गाडी पुन्हा वाफ सोडेल आणि दोष बिचाऱ्या थर्मोस्टॅटवर येईल.

तांबूस, गढूळ पाणी मी मनात ठेवले होते, ते याचसाठी. रेडिएटर काढून उलट्या बाजूने पाणी सोडले. मोजक्या नळ्यांतूनच धार आली. बाकीच्यांत गंज आणि क्षार दाटलेले. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले की हे होणारच. बंबाच्या आतून जसा पांढरा थर धरतो, तसाच तो इथेही धरतो. रेडिएटरवाल्याकडे तो साफ करून घेतला, पाण्याचा पंप गळत नाही ना ते पाहिले, पंखा योग्य वेळी लागतो का ते तपासले. मगच नव्या थर्मोस्टॅटकडे वळलो.

ताईच्या पातेल्यातली परीक्षा

नवी वस्तूही पारखून घ्यावी. यासाठी ताईने एक मोडीत काढायचे पातेले दिले. इथे एक सूचना. गाडीतून निघालेला जुना थर्मोस्टॅट तपासत असाल तर स्वयंपाकाचे भांडे वापरू नका, वापरलेच तर ते पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. कूलंट विषारी असते.

पातेल्यात पाणी घेतले, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लोंबता सोडला की तो तळाला टेकणार नाही. शेजारी उकळत्या पाण्यात चालणारा थर्मामीटर धरला. तापाचा थर्मामीटर यात बुडवू नये, तो फुटतो. थर्मोस्टॅटवर ८२ आकडा कोरलेला होता. ८२ अंशांना तो उघडायला सुरुवात करतो, असा त्याचा अर्थ. पूर्ण उघडायला त्यापुढे आणखी दहा-पंधरा अंश लागतात. नाशिकची उंची सुमारे ६०० मीटर, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तेवढे या परीक्षेला पुरते.

सत्तरला झडप घट्ट बंद. ऐंशी. भाचीने श्वास रोखला. त्र्याऐंशीच्या सुमारास झडपेखाली केसाएवढी फट दिसली. पाणी उकळू लागले तोवर ती बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी, चांगली उघडली. गॅस बंद केला, पाणी निवले, झडप मिटली. "मामा, याला कोण सांगतं?" भाचीने विचारले. मेणाची गोष्ट तिला मी तेव्हा सांगितली. दहावीच्या पुस्तकात ती वाचलेले "पदार्थ तापल्यावर प्रसरण पावतो" हे वाक्य तिने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

बसवताना चार गोष्टी पाळल्या. मेणाचा फुगीर भाग इंजिनाच्या बाजूला ठेवला. हवा जाण्याचे बारीक भोक असते ते वरच्या अंगाला आणले. जुने गॅस्केट खरवडून नवे घातले. आणि साध्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाण्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट घातले. कूलंट गंज आणि क्षार रोखते. त्याची चव गोडसर असते, म्हणून लहान मुले आणि गल्लीतली कुत्री-मांजरे यांच्यापासून ते दूर ठेवावे. सांडले तर भरपूर पाण्याने धुवावे. भरल्यावर झाकण उघडे ठेवून गाडी थोडा वेळ सुरू ठेवली, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून गेली, पातळी खाली आली तेवढी पुन्हा भरली. हवा आत राहिली तर काटा पुन्हा उलटसुलट सांगतो.

चाचणीची फेरी

दाजींनी गाडी काढली. चार-पाच मिनिटांत काटा ‘सी’वरून हलला आणि मध्याच्या किंचित खाली येऊन थांबला. चढावर थोडा वर, उतारावर थोडा खाली, पण जागेवर. दाजी सवयीने घाबरले, "वर गेला की!" मी म्हटले, "दाजी, त्याची जागा तीच. आता तो इथून वर गेला तर घाबरा, आणि इथून खाली पडला तरी घाबरा." प्रत्येक गाडीच्या काट्याची नेहमीची जागा वेगळी असते. कुणाची मध्यावर, कुणाची एक तृतीयांशावर. ती जागा ध्यानात ठेवली की बदल लगेच कळतो. हिवाळ्याच्या पहाटे, लांब उतारावर किंवा दोन किलोमीटरच्या फेरीत काटा थोडा खाली राहिला, तर त्यात आजार नाही.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, पण अशा हजारो जुन्या गाड्या आजही कष्टकरी घरांच्या पोटापाण्यासाठी धावतात. नव्या गाड्यांपैकी काहींत काटाच नसतो, थंड इंजिनाला निळा दिवा असतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर तिथे इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि तपासणीच्या यंत्रावर पी ०१२८ असा संकेत येतो. इंजिनातले पाणी थर्मोस्टॅटच्या अंशापर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. दुखणे तेच, सांगण्याची रीत बदलली.

एक सवय मात्र सर्वांनीच लावून घ्यावी. गॅरेजमध्ये काम झाले की काढलेला भाग हातात मागावा आणि बिलावर कामाचे नाव लिहून घ्यावे. यात मिस्त्रीचा अपमान नाही. चांगला मिस्त्री स्वतःच जुना भाग दाखवतो.

ध्यानात ठेवा

१) काटा नेहमीपेक्षा खाली दिसला की पहिल्यांदा थंड गाडीत पाण्याची पातळी पाहा.
२) गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.
३) वरचा होज सुरुवातीपासून कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे किंवा नाहीच.
४) सकाळच्या थंडीत पंखा फिरत असेल तर तो थेट जोडलेला आहे का पाहा.
५) होज कढत आणि काटा ‘सी’वर, तर सेन्सर, वायर किंवा मीटर तपासा. तोवर गाडी लांब नेऊ नका.
६) थर्मोस्टॅट काढलेला आढळला तर तो का काढला होता, ते आधी शोधा.
७) पेट्रोल आणि किलोमीटर यांचा हिशेब वहीत लिहा.

महिन्याभराने ताईचा फोन आला. वही समोर घेऊनच बोलत होती. लिटरला साडेचौदा. चोक आता सकाळी दोन मिनिटे, मग बंद. गाडी विकण्याचा विषय मागे पडला होता. "आणि तुझी भाची," ताई म्हणाली, "शेजारच्यांच्या गाडीच्या होजला हात लावून बघत बसलीय. त्यांचा काटाही खालीच असतो म्हणे."